दोर आणि दोराचे तोंड

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितले, 'तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल.' मी म्हटले, त्यावर बोलणारे तुम्हाला रोज मोबाईलमध्ये भेटतात. मी विंचवर बोलते. तिकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग हळूच प्रश्न आला, 'विंचवावर?' म्हणून आधीच खुलासा करते. विंचू नव्हे, विंच. जीपच्या पुढच्या बंपरवर बसवलेला, बॅटरीवर चालणारा रहाट. त्यावर गुंडाळलेल्या दोराचे टोक झाडाला अडकवायचे, बटण दाबायचे, की चिखलात फसलेली गाडी स्वतःच स्वतःला ओढत बाहेर येते.

या रहाटाचा दोर कसा बसवायचा, आणि तो दोर ज्या तोंडातून बाहेर येतो ते तोंड कसे असावे, एवढाच माझा आजचा विषय. त्या तोंडाला फेअरलीड म्हणतात. विंच घेणारा माणूस मोटरची ताकद विचारतो, दोराची लांबी विचारतो. फेअरलीडबद्दल सहसा कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे, की दोर आणि त्याचे तोंड ही एकच वस्तू समजा. एक बदलले तर दुसरे बदलावेच लागते, आणि यात चूक झाली तर किंमत गाडी मोजत नाही, बाजूला उभी असलेली माणसे मोजतात.

आपल्यातले बरेच जण आता पुण्या-नागपुरात, काही परदेशात आहेत, म्हणून थोडी उजळणी. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झालेला आपला जिल्हा. दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाचा. कडेने वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीचा संगम. पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी आपण शाळेत होतो तेव्हापासून दर पावसाळ्यात वाचतो. १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, त्या काळात पावसाळा म्हणजे तिकडचा सगळा भाग बंदच. आता डांबर बरेच आत गेले आहे. पण डांबर संपल्यावर गावापर्यंतचे शेवटचे दोन-चार किलोमीटर, बांध्यांच्या कडेने जाणारे, ऐन रोवणीत कसे होतात हे इथल्या कोणाला सांगायला नको. 'गाडी फसली' हे दोन शब्द ऐकल्याशिवाय आपला जुलै जात नाही.

माझा धाकटा भाऊ आलापल्लीला राहतो. आपल्याच शाळेतला, आपल्या चार वर्षे मागे. पावसाळ्यात त्याची जुनी जीप त्याची एकट्याची राहत नाही. कोणाचा ट्रॅक्टर फसतो, कोणाचे पिकअप. कधी बाळंतपणाची बाई डांबरी रस्त्यावर थांबलेल्या रुग्णवाहिकेपर्यंत पोचवायची असते, आणि तिला आणणारी गाडीच वाटेत बसते. मग रात्री-अपरात्री याला फोन.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये त्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या एका गाडीच्या विंचचा पोलादी दोर तुटला. तुटलेले टोक चाबकासारखे पुढे गेले आणि वाटेतल्या ऐनाच्या बुंध्यावर बोटभर खोल चीर पाडून खाली पडले. चीर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर होती. त्या झाडाखालून थोड्याच वेळापूर्वी चार शाळकरी मुलांना रागावून मागे पाठवले होते, म्हणून कोणाला काही झाले नाही. नंतर भावाने दोर आणि विंच दोन्ही नीट पाहिले. फेअरलीडचा एक उभा रोलर गंजून घट्ट बसला होता, फिरतच नव्हता. दोर दर वेळी त्याच जागी घासत होता. तिथेच तारा एकेक करून तुटल्या होत्या. गाडीवाले दोर मधूनमधून तपासत असत. तोंड कोणी तपासले नव्हते.

त्या रात्री भावाने मला फोन केला. 'ताई, माझा दोर बदलायचा आहे. येशील का?' दिवाळीत आम्ही दोघांनी त्याच्या अंगणात ते काम केले.

आता थोडे यंत्राकडे वळू. तुमच्यातल्या ज्यांनी लहानपणी मोट पाहिली असेल त्यांना हे लगेच कळेल. मोटेचे दोन दोर असत. जाड नाडा वरच्या चाकावरून जाई आणि बारीक सोंदूर खालच्या आडव्या कण्यावरून. तो कणा म्हणजेच फेअरलीड. त्याचे काम एकच: दोर वळतो तिथे त्याला घासू न देणे. कण्याला खाच पडली की ती सोंदूर खाऊ लागे.

विंचवर दोन प्रकारची तोंडे येतात. एका प्रकारात चार रोलर असतात, दोन उभे आणि दोन आडवे. हे पोलादी दोरासाठी. दुसऱ्या प्रकारात एकही हलणारा भाग नसतो. ॲल्युमिनियमची एक जाड पाटी, तिच्यात लांबट गोल खिडकी, आणि खिडकीच्या कडा घड्याच्या काठासारख्या बाहेर वळवून गुळगुळीत केलेल्या. हे प्लास्टिकच्या धाग्यांनी विणलेल्या दोरासाठी. दोन्हींच्या बोल्टांमधले अंतर सहसा सारखेच असते, १० इंच म्हणजे २५४ मिलिमीटर. त्यामुळे एक काढून दुसरे बसवायला बंपर कापावा लागत नाही.

प्लास्टिकचा दोर म्हटले की हसू येते, मलाही आधी आले होते. पण हे साधे प्लास्टिक नाही. पिशवीचे पॉलिथिन ज्या कुळातले त्याच कुळातले, फक्त त्याचे रेणू प्रचंड लांब आणि एकाच दिशेत ओढून सरळ केलेले. डायनीमा हे त्याचे एक प्रसिद्ध व्यापारी नाव. जीपच्या विंचवरचा पोलादी दोर सात-आठ किलोंचा भरतो. तेवढ्याच लांबीचा हा दोर दीड-दोन किलोंचा. पाण्यावर तरंगतो, तारेसारखा हाताला टोचत नाही. वजन कमी असल्यामुळे तुटला तर त्याच्या अंगात पोलादी दोराएवढा जोर नसतो. तरी त्याच्या टोकाचा हुक लोखंडाचाच असतो, म्हणून हा दोर निरुपद्रवी आहे असे कोणी समजू नये.

त्याचे शत्रू तीन. पहिला खरखरीत कडा. दुसरा उष्णता, हे धागे सुमारे १४५ अंशांना वितळतात आणि त्याच्या बरेच आधी कमजोर होऊ लागतात. पुष्कळ विंचमध्ये ब्रेक दोराच्या पिंपातच असतो, आणि भार असताना दोर सोडत राहिले की ते पिंप तापते. तिसरा शत्रू ऊन आणि रेती. मे महिन्यात आपल्याकडे बंपरला हात लावून पाहा, म्हणजे दोर कापडाने झाकून का ठेवायचा ते कळेल. पावसाळा संपला की तो पूर्ण सोडून साध्या पाण्याने धुवायचा आणि सावलीत वाळवायचा.

आम्ही दोर विकत घेतला तिथे सल्ला मिळाला होता, 'रोलर राहू द्या, फक्त दोर बदला, खर्च वाचेल.' नवेकोरे, गुळगुळीत रोलर असतील तर हे काही प्रमाणात चालतेही. पण भावाच्या रोलरवर पोलादी दोराने सहा वर्षे फिरून खाचा पाडल्या होत्या, त्यांच्या कडा करवतीसारख्या झाल्या होत्या. शिवाय दोर तिरपा ओढला गेला की उभ्या आणि आडव्या रोलरच्या कोपऱ्यातल्या फटीत मऊ दोर चिमटला जातो. म्हणून आम्ही दोर आणि तोंड दोन्ही बदलले.

काम कसे केले ते क्रमाने सांगते. जाड चामडी हातमोजे घालून जुना दोर पूर्ण सोडवला. मग बॅटरीची तार काढली, कारण ज्या पिंपात आपली बोटे आहेत ते पिंप कोणाचा चुकून बटणावर हात पडून फिरता कामा नये. नंतर पिंप आणि नवी पाटी तपासली. इथे आपल्या विदर्भाची तपासणी कामाला आली: कापसाचा बोळा घेऊन तो सगळ्या पृष्ठभागावरून फिरवायचा. जिथे कापूस अडकेल तिथे दोरही अडकणार. डोळ्याला न दिसलेल्या पाच-सहा जागा कापसाने दाखवल्या. त्या पॉलिश पेपरने घासून, पुन्हा कापूस फिरवून, एकही तंतू अडकत नाही असे झाल्यावरच पुढे गेलो.

मग रोलर काढून पाटी बसवली. नवा दोर पाटीच्या खिडकीतून आत घेतला आणि पिंपाच्या खालच्या बाजूने गुंडाळायला सुरुवात केली. दोर खालूनच निघाला पाहिजे. वरून निघाला तर तोच ओढ विंचच्या बोल्टांना जास्त उपटू पाहतो, आणि काही विंचचा ब्रेक उलट्या दिशेला धरतच नाही.

आता या सगळ्यातली माझी आवडती गोष्ट. दोराचे आतले टोक पिंपाला एका छोट्या स्क्रूने बांधलेले असते. चार हजार किलोंचा ओढ तो स्क्रू कसा धरतो? उत्तर असे, की तो धरतच नाही. धरतात ते पिंपावरचे पहिले काही वेढे, घर्षणाने. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने याचे सूत्र मांडले: प्रत्येक वेढ्यागणिक भार ठरावीक पटीने कमी होत जातो. घर्षणांक ०.१२ धरला तर पाच वेढ्यांनंतर भार सुमारे ४३ पट कमी होतो. म्हणजे ४,००० किलोंतले जेमतेम ९३ किलो स्क्रूपर्यंत पोचतात. पण हा नवा दोर निसरडा. घर्षणांक निम्मा, ०.०६ धरा. मग पाच वेढ्यांनंतर भार फक्त साडेसहा पट कमी होतो आणि स्क्रूवर ६०० किलो येतात. स्क्रू उपटला, दोर सुटला. तेच वेढे दहा ठेवले की पुन्हा ९३ किलो. गणिताचे सर समोर बसले आहेत. सर, घातांक तुम्ही शिकवलात तेव्हा हे कुठे लागणार असे आम्ही विचारले होते. ते इथे लागले.

म्हणून पोलादी दोराचे किमान पाच वेढे पिंपावर ठेवतात आणि या दोराचे आठ ते दहा. हे वेढे वापरण्यासाठी नसतातच. आम्ही दहावा वेढा संपतो तिथे दोराला हातभर लाल रंग लावला. भावाने गावातल्या मदत करणाऱ्या पोरांना एकच सांगून ठेवले आहे: लाल दिसले की ओरडायचे.

राहिलेला दोर हाताने सैल गुंडाळला तर काम फुकट. पुढे भार आला की वरचा वेढा खालच्या सैल वेढ्यांत घुसतो आणि अडकतो. म्हणून दोराचे टोक हलक्या चढावर एका झाडाला पट्ट्याने बांधले, जीप खाली ठेवली, मी आत बसून ब्रेकवर किंचित पाय ठेवला आणि भावाने विंचने जीपला हळूहळू वर ओढत नेले. शिवणयंत्राच्या रिळासारखे वेढे शेजारी शेजारी, घट्ट बसले. शेवटचा मीटरभर दोर आत घेताना थांबत थांबत घेतला. बोटे तोंडात सापडण्याची भीती याच मीटरभरात सर्वांत जास्त.

आता ताकदीचा हिशेब, कारण इथे लोक फसतात. भावाचा विंच ९,५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४,३०० किलो ओढणारा. पण हा आकडा फक्त पिंपावर दोराचा एकच थर उरला असतानाचा. जितके थर जास्त तितकी त्रिज्या मोठी आणि ओढ कमी. चौथ्या थरावर हाच विंच साधारण २,५०० किलोच ओढतो. आता गाळाचा नियम घ्या. चाके गाळात असतील तर गाडी काढायला तिच्या वजनाइतका ओढ लागतो, फेंडरपर्यंत रुतली असेल तर दुप्पट. दोन हजार किलोंची भरलेली गाडी फेंडरपर्यंत फसली, तर हवेत चार हजार. झाड जवळ असेल तर दोर फारसा सुटलेला नसतो, म्हणजे विंच देणार अडीच हजार. कमलापूरच्या हत्ती कॅम्पमधले हत्ती पूर्वी सागाचे ओंडके ओढत. ओंडका फार जड वाटला तर हत्ती थांबतो. मोटर थांबत नाही, ती चारशे अँपिअरपर्यंत वीज खेचत राहते आणि जळते, नाहीतर काहीतरी तोडते.

यावर उपाय आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात होता: हलती कप्पी. दोर झाडाजवळच्या कप्पीतून फिरवून परत आपल्याच जीपला बांधायचा. ओढ जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा. शिवाय दोर दुप्पट सुटल्यामुळे पिंपावरचे थर कमी होतात, तो फायदा वेगळा. मात्र झाडावरही भार दुप्पट येतो. म्हणून झाड जिवंत, जाड आणि खोल मुळाचे निवडायचे आणि पट्टा बुंध्याच्या अगदी तळाशी बांधायचा. दोर थेट झाडाभोवती कधीही गुंडाळायचा नाही; तो दोरही खराब करतो आणि सालही कापतो. आपल्याकडे ते झाड बहुतेक वेळा मोहाचे असते, आणि मोहाची साल कापून काढलेली गाडी गाव विसरत नाही.

आणि माणसे. आपल्याकडे गाडी फसली की सगळे गाव जमते. ते मदतीलाच आलेले असतात, पण दोराजवळ उभे राहतात. भावाचे नियम आता गावांना पाठ आहेत. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही. जितका दोर सुटला आहे त्याहून जास्त लांब उभे राहायचे. ताणलेला दोर ओलांडायचा नाही. दोराच्या मध्यावर ओले पोते टाकायचे, म्हणजे तुटलाच तर त्याचा झटका कमी होतो. आणि हुकूम देणारा माणूस एकच. सरपंच आले तरी एकच.

कायद्याबद्दल एक वाक्य, कारण परत जाताना तुमच्यातला कोणीतरी विंच शोधू लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरबदल करण्यावर मर्यादा आहेत, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना बंपरवर लावल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डांवर कारवाई करायला सांगितले होते. तेव्हा काही बसवण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्या.

गेल्या जुलैत रात्री दोनला भावाला फोन आला. नाल्याच्या पलीकडे एक आजारी म्हातारे गृहस्थ होते. 'तुझा विंच आहे ना, दोर लावून जीप पाण्यातून ओढून आण.' नाल्याला पूर होता. भाऊ टॉर्च घेऊन काठावर गेला, पाणी पाहिले आणि नाही म्हणाला. वाहत्या पाण्यात गाडी तरंगू लागली की दोर तिला धरून ठेवत नाही, उलथवतो. लोक चिडले. 'एवढे महागाचे यंत्र कशाला लावले?' असेही कोणी बोलले. तो तिथेच काठावर थांबला. पहाटे पाणी उतरले. गावकऱ्यांनी म्हाताऱ्यांना खाटेवर अलीकडे आणले. त्यानंतर अलीकडच्या चढावर जीप फसली, तेव्हा मात्र कप्पी लावली, मोहाला पट्टा बांधला, आणि वीस मिनिटांत जीप वर. साडेसहाला ते दवाखान्यात पोचले. आता बरे आहेत, आणि तो नाही म्हणाला यावर अजून त्याच्याशी भांडतात.

आपल्यापैकी कोणाची गाडी आडरानात जात असेल, कोणाचा भाऊ, पुतण्या ट्रॅक्टर किंवा जीप चालवत असेल, तर घरी गेल्यावर एवढे करा. दोर तपासाल तेव्हा त्याचे तोंडही तपासा. रोलर हाताने फिरवून पाहा. पाटीवरून कापूस फिरवा. आणि पिंपावरचे शेवटचे दहा वेढे लाल रंगाने राखून ठेवा.

उद्या सकाळी आठला भाऊ जीप घेऊन शाळेच्या मैदानावर येणार आहे. ज्यांना हात लावून पाहायचे असेल त्यांनी यावे. बूट घालून या, साडीचा पदर खोचून या, आणि लहान मुलांचा हात धरून ठेवा. विज्ञानाच्या मॅडम, कप्पी तुमच्याच हातून लावून घेणार आहोत.